वाङ्मयातला वसंत आणि रानातला वसंत

मराठी वाङ्मयात वसंत ऋतू ठरल्या दिवशी येतो आणि ठरलेला पोशाख करून येतो. आम्रवृक्षाला मोहोर फुटलेला असतो; त्यात दडून कोकिळा पंचम आळवीत असते; मलयगिरीवरून चंदनाचा गंध घेऊन निघालेला वारा वाटेत कोठेही न रेंगाळता थेट कवीच्या खिडकीपाशी येऊन पोहोचतो; आणि भ्रमर तर गुंजारव करण्यासाठीच जन्मास आलेले असतात. या सामग्रीतली एखादी वस्तू उणी पडली तर वाचकांस चुकल्याचुकल्यासारखे होते, आणि एखादी नवी वस्तू आली तर ती येथे कशी आली असा संशय येतो. हा वसंत मी लहानपणापासून वाचला, परीक्षांतून लिहिला, आणि इंग्रजीचा अध्यापक झाल्यावर त्याच्या जोडीला इंग्लंडातला डॅफोडिलांचा वसंत जवळजवळ तीस वर्षे शिकविला. डॅफोडिल मी पाहिलेले नाही. माझ्या विद्यार्थ्यांनीही पाहिलेले नाही. पण त्याचे मला फारसे वैषम्य वाटत नाही. वैषम्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे, आणि तेवढी सांगावी म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे काम माझ्याकडे होते. त्या वर्षी सातिवलीहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने 'वसंत' या नावाचा निबंध आणून दिला. निबंधात वर सांगितलेली सर्व सामग्री यथास्थित होती. मी ऱ्हस्वदीर्घ तेवढे दुरुस्त केले, 'भाषेवर चांगले प्रभुत्व आहे' असा शेरा तोंडी दिला, आणि निबंध छापला. मुलगा संतुष्ट झाला, मीही झालो. पुढे तो शिक्षण संपवून सातिवलीतल्याच एका कारखान्यात लागला. यंदा होळी होऊन आठदहा दिवस झाले असतील, तो रस्त्यात भेटला. बोलण्यातून बोलणे निघाले. आणि एका रविवारी पहाटे त्याच्यासोबत तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या रानात फिरावयास जाण्याचे ठरले.

वसई रोड स्थानकावर उतरून पूर्वेच्या बाजूला जाणाऱ्यांस सातिवली ठाऊक असते ती गाळ्यांची सातिवली म्हणून. पत्र्याची छपरे, मालमोटारी, रसायनांचा व प्लॅस्टिकचा वास, चहाच्या टपऱ्या, आणि पाळी सुटल्यावर रस्ता भरून वाहणारी माणसे. पण या सगळ्याच्या पाठीशी तुंगारेश्वराचा डोंगर उभा आहे. इ. स. २००३ साली तेथल्या सुमारे ८५ चौरस किलोमीटर रानाला अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. त्यानंतर सहा वर्षांनी, २००९ साली, खालच्या वस्त्यांची वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. डोंगर अभयारण्यात गेला, गाव महानगरात गेले, आणि दोहोंमधली शेताची व माळाची पट्टी तेवढी अजून कोणाचीच नाही अशी पडून आहे. आम्ही चाललो ते याच पट्टीतून.

इंग्रजी वाङ्मयाच्या संस्काराने माझी एक खोड झालेली आहे. रानफुले पाहावयाची म्हटले की माझी नजर पायांशी जाते. तिकडच्या वसंतात फुले जमिनीवर असतात. बर्फ वितळले, ऊन पडले, की गवतातून ती डोके वर काढतात, आणि कवीला वाकून पाहावे लागते. मी तसाच खाली पाहत चाललो होतो, आणि खाली होता तो केवळ करड्या रंगाचा वाळला पेंढा, तडकलेली माती व पाचोळा. आमच्याकडे जमिनीवरच्या फुलांचा ऋतू पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने; तेरडा, सोनकी, कवला यांचे ते राज्य. फाल्गुन-चैत्रात फुले पाहावयाची तर मान वर करावी लागते, कारण या ऋतूत आमच्याकडे झाडे फुलतात आणि तीही बहुधा पाने टाकून फुलतात. याचे कारण अगदी व्यवहाराचे आहे. पाऊस थांबून पाच महिने झालेले असतात. पाने ठेवली तर त्यांतून पाणी उडून जाते, म्हणून झाड पाने झाडून टाकते. पाने गेली की फुलांच्या आड येणारे काही उरत नाही. पक्ष्यांना व माशांना ती दुरून दिसतात. आणि आता फळ धरले तर बी पावसाच्या तोंडाशी जमिनीवर पडते. ज्या ऋतूला आपण शृंगाराचा ऋतू म्हणतो, तो झाडाच्या दृष्टीने काटकसरीचा आणि पुढची तजवीज करण्याचा ऋतू आहे. गृहस्थाश्रमी मनुष्याला हे वर्णन अपरिचित वाटू नये.

अशा विचारात असता समोरच्या उतारावर एक झाड मला दिसले. नखशिखांत तांबडे, जणू पेटलेले. माझ्यातला अध्यापक जागा झाला. काठी उंचावून मी म्हणालो, "पाहिलेस? काय फुलले आहे!" तो थोडा संकोचला. मग म्हणाला, "सर, ती फुलं नाहीत. पानं आहेत. कुसुंब आहे तो."

कुसुंबाची कोवळी पालवी लाल असते हे मी कोठेतरी वाचलेले होते. वाचलेले होते म्हणूनच ते मला दिसले नाही, असे म्हणावयास हरकत नाही. त्यानंतर मी बोलणे कमी केले आणि तो बोलू लागला. पळस संपत आला होता, पांगारा ऐन भरात होता. धायटीच्या फांद्यांवर बारीक तांबड्या फुलांचे झुबके ओळीने बसले होते. उक्षीच्या वेलीवर हिरवट पांढऱ्या फुलांचे घोस होते. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्यांचा वास वाटेवर आला होता. पांढऱ्याफेक खोडाचा एक कांडोळ खडकाच्या कडेला उघडा उभा होता, आणि शिवणीखाली तिची पिवळी-तपकिरी फुले सांडली होती. मोहाच्या झाडाखाली पहाटे वेचणी होऊन गेल्याच्या खुणा होत्या. अंजनीला अजून कळ्याच होत्या; "आणखी पंधरा दिवसांनी या, फांदीला निळी फुलं चिकटल्यागत होतात," असे त्याने सांगितले. तासाभरात त्याने वीसेक झाडांची नावे घेतली. त्यातले एकही नाव त्याच्या त्या निबंधात नव्हते.

मी त्याला तसे विचारले. तो हसला आणि म्हणाला, "निबंधात कुठं ही नावं येतात, सर?"

या प्रश्नाचे उत्तर देणे टीकाकाराचे काम आहे असे मला वाटते. आपण सहसा असे म्हणतो की हा सर्व दोष संस्कृत काव्याच्या संकेतांचा आहे. मराठी कवींच्या डोळ्यांवर कालिदासाची झापड बसली, म्हणून त्यांना महाराष्ट्रातला वसंत दिसला नाही. पुष्कळ वर्षे मीही असेच म्हणत असे. परंतु घरी येऊन कुमारसंभवाचा तिसरा सर्ग पुन्हा काढला तेव्हा हा आरोप मागे घ्यावा लागला. अकाली अवतरलेल्या वसंताचे ते वर्णन. त्यात पळस आहेत. पण ते नुसते 'फुललेले पळस' नाहीत. पुरते न उमललेले, बीजेच्या चंद्रकोरीसारखे वाकडे, गडद तांबडे असे त्यांचे कळे कवीने पाहिले आहेत. ज्याने पळसाचा कळा हातात घेऊन पाहिला नाही त्याला तो वाकडेपणा सुचणार नाही. त्याच सर्गात कर्णिकाराचे फूल आहे. कर्णिकार म्हणजे आजचा नेमका कोणता वृक्ष याविषयी मतभेद आहेत. पण कवीने त्याचा रंग वाखाणून, त्याला गंध नाही याची हळहळ लागलीच नोंदविली आहे. संकेताने चालणारा कवी प्रत्येक फुलाला सुगंध देऊन मोकळा होतो. गंध नाही असे लिहावयास फूल नाकाशी न्यावे लागते.

कोकिळाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मराठीत वसंतात गाते ती कोकिळा. स्त्रीच्या गोड आवाजाला आपण कोकिळेची उपमा देतो, गायिकेला 'गानकोकिळा' ही पदवी देतो, आणि लग्नमंडपातल्या मंगलाष्टकांपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत ही कोकिळा अव्याहत गात असते. रानातली कोकिळा गात नाही. गातो तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी अंगावर ठिपके असलेली, तपकिरी रंगाची, आणि तिचा आवाज 'किक् किक्' असा तुटक व कर्कश असतो. ही माहिती पक्षिशास्त्राने आपल्याला नव्याने दिली असे वाटेल. पण कुमारसंभवाच्या त्याच सर्गात, आंब्याचे कोवळे अंकुर खाऊन ज्याचा गळा तयार झाला आहे तो पक्षी 'पुंस्कोकिल' आहे. नर, असे कवीने शब्दातच बांधून ठेवले आहे. आणि शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत जेव्हा स्त्रीजातीच्या उपजत चातुर्याचा दाखला देतो, तेव्हा आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेणारी म्हणून मादीच येते. कोठे नर आणावयाचा व कोठे मादी, याचा घोटाळा त्या कवीने केला नाही. तो आपण केला. पूर्वसूरींची दृष्टी सोडून त्यांच्या उपमा तेवढ्या आपण उचलल्या. खाते त्यांच्या नावाचे आणि खर्च आपला, असा हा व्यवहार झाला.

संस्कृतच कशाला, महाराष्ट्राच्या स्वतःच्या घरची साक्ष आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत पळसावर एक गाथा आहे. तिच्यात झाडावरचा पळस नाही, जमिनीवर गळून पडलेला आहे. राघूच्या चोचीसारख्या त्या फुलांनी झाकलेली धरणी कवीला कशी दिसली, तर बुद्धाच्या पायांशी वंदनासाठी लोटांगण घातलेल्या भिक्षुसंघासारखी. या गाथेचे मर्म मला इतकी वर्षे पुस्तकात सापडले नव्हते. सातिवलीच्या माळावर पळसाखाली उभा राहिलो तेव्हा पाहिले की पडलेल्या फुलाचा भगवा रंग झाडावरच्यापेक्षा मळकट होतो, पाकळी वाकते, आणि सगळी फुले मातीला तोंड लावून पडल्यासारखी दिसतात. तेथून तीनचार कोसांवर सोपारा आहे, पूर्वीचे शूर्पारक. तेथील 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी इ. स. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरली, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. सोपाऱ्याच्या वाटेवर चीवर घातलेले भिक्षू आणि पळसाचे सडे ही दोन्ही दृश्ये त्या काळच्या माणसाला एकाच प्रवासात दिसत असली पाहिजेत. ही गाथा येथेच रचली गेली असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणावयास पुरावा नाही. इतकेच म्हणतो की ती पाहून रचलेली आहे.

मग बिघडले कोठे? अव्वल इंग्रजीनंतरच्या आमच्या कवितेत निसर्ग आला तो मोठ्या थाटाने आला, आणि त्यातला सर्वांत अस्सल कवी म्हणून बालकवींचे नाव घ्यावे लागते. अवघे अठ्ठावीस वर्षांचेही आयुष्य न लाभलेल्या (१८९०-१९१८) या कवीविषयी मला अतीव ममता आहे. पण त्यांची 'फुलराणी' वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती एकदा आल्यावर जाता जात नाही. त्या फुलाला जात नाही, कूळ नाही, गाव नाही. ते फक्त फूल आहे, वयात येणारी मुलगी आहे. कवितेला त्यामुळे उणेपणा येतो असे नव्हे. परिकथेतल्या राजकन्येला कोणी गोत्र विचारीत नाही. परंतु त्यांचाच 'औदुंबर' घ्या. तेथे दुसरे झाड चालणार नाही. ओढ्याकाठी मूळ धरणारा, पाण्याला लगटून वाढणारा उंबरच तेथे हवा. त्याच्या जागी आंबा घातला तर कविता कोसळते. दोन्ही कविता एका हातच्या आहेत, आणि आमच्या पुढच्या लेखकांनी वाट धरली ती पहिलीची. लघुनिबंधाच्या भरभराटीच्या काळात तर निसर्ग ही लेखकाच्या आरामखुर्चीसमोरची खिडकी झाली. 'कुठलेसे एक रानफूल', 'एक चिमुकले पाखरू', 'नाव माहीत नसलेला एक वृक्ष' असे शब्दप्रयोग त्या गद्यात पावलोपावली आढळतात, आणि ते संकोचाने केलेले नसतात. नाव ठाऊक नसणे हीच जणू रसिकतेची खूण.

याच्या उलट, ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांची भाषा पाहा. 'पळसाला पाने तीनच' या म्हणीत पळसाची पाने मोजलेली आहेत. (पांगाऱ्यालाही तीनच असतात, पण पांगाऱ्याची म्हण झाली नाही. म्हणींनाही नशीब असते.) क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. उंबराला फूल दिसत नाही हे ज्याने पाहिले त्याने ही म्हण केली. ते फूल नसते असे नव्हे, तर आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्याच पोटात शेकडोंनी असते, आणि सुईच्या अग्राएवढी एक गांधीलमाशी आत शिरून त्याचे पराग इकडून तिकडे नेते. पक्ष्यांची नावे घेतली तर सगळी गावकी उभी राहते: ठोके घालणारा तांबट, पाने शिवणारा शिंपी, खोड टोचणारा सुतार, पाण्याकाठी शेपूट आपटणारा धोबी, सर्वांवर दरारा ठेवणारा कोतवाल. यातील एकेक नाव हा एकेक निबंध आहे. त्या दिवशी काटेसावरीच्या उरल्यासुरल्या फुलांवर साळुंक्या, शिंजीर, हळद्या यांची झुंबड होती, आणि त्यांत गुलाबी पाठीच्या व काळ्या डोक्याच्या पक्ष्यांचा एक थवा कलकलाट करीत उतरला. तो म्हणाला, "पळस मैना." हिलाच भोरडीही म्हणतात. मध्य आशियाच्या गवताळ मुलखात विणीसाठी जाणारी ही मैना आमच्याकडे हिवाळ्याची पाहुणी. पळस-सावरीच्या मधावर पोट भरून ती चैत्राच्या सुमारास निघून जाते. नाव देणाऱ्याने झाड, पक्षी आणि ऋतू तिन्ही एका शब्दात अडकविले.

येथे मला आमच्या वसंताविषयी दुसरी एक गोष्ट कळली. इंग्लंडात वसंत म्हणजे पक्ष्यांचे येणे. गिल्बर्ट व्हाइट हा सेलबोर्न गावचा धर्मोपदेशक. त्याचा पत्रसंग्रह १७८९ साली निघाला. पाकोळ्या केव्हा आल्या याची तो वर्षानुवर्षे वाट पाहत असे आणि तारीख टिपून ठेवीत असे. दिसावयास अगदी सारख्या अशा तीन लहान पक्ष्यांची जात निराळी आहे, हे त्याने केवळ त्यांच्या गाण्यावरून ओळखले. आमच्याकडे वसंत हा पक्ष्यांच्या जाण्याचा ऋतू आहे. धोबी जातात, भोरड्या जातात, पाणथळीवरची बदके केव्हाच गेलेली असतात. कोकीळ ओरडू लागतो खरा, पण तो कोठून येत नाही. वर्षभर येथेच असतो, फक्त गप्प असतो. वसंताला 'आगमन' हा शब्द आपण ज्या सहजतेने लावतो तो आमच्या रानाला अर्धाच लागू पडतो. पाठवणीचा हा ऋतू कोणा मराठी कवीने गायिला असता तर किती नवे काही हाती लागले असते! पण त्यासाठी थवा कोठे निघाला हे विचारावे लागते.

पंचांगाचीही तीच गत. चैत्र-वैशाख हा वसंत, असे आपण पाठ म्हणतो. पण गुढी उभी राहते तोवर पळसाचा सडा सुकून गेलेला असतो आणि सावरीच्या बोंडांत कापूस धरू लागलेला असतो. सातिवलीचा वसंत माघातच सुरू होतो, म्हणजे शास्त्राने शिशिर असताना. वारा म्हणाल तर तो मलयाचा नव्हे. दुपारी तो पश्चिमेकडून, वसईच्या खाडीवरून व मिठागरांवरून येतो, आणि त्याला चंदनाचा नव्हे, खाऱ्या चिखलाचा वास असतो. मला तो आवडतो.

या सर्वात ज्या एका पुस्तकाने मराठी गद्याला खिडकीतून उठवून बाहेर नेले, ते दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र'. ते १९५६ साली प्रसिद्ध झाले. मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेल्या त्या लेखांत झाडांना नावे आहेत, पालवीला रंगांच्या पायऱ्या आहेत, आणि आज दिसलेले उद्या तसेच राहणार नाही याची जाणीव आहे. निसर्गलेखनाची माझी कसोटी साधी आहे: लेख वाचून बाहेर पडलेल्या वाचकाला ते झाड ओळखता आले पाहिजे. 'ऋतुचक्र' या कसोटीला उतरते. त्या लेखिकेचे संस्कृत कोणाहून कमी नव्हते, लोकसाहित्याचा अभ्यास तर जन्मभराचा होता. पण झाडापुढे उभे राहताना ते सर्व त्यांनी मागे ठेवले आणि पाहून झाल्यावर मग हाताशी घेतले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आमचे बहुतेक लेखक तो उलटा करतात.

पुस्तक निर्दोष आहे असे नाही. रंगांची विशेषणे कधी इतकी दाटी करतात की फांदी दिसेनाशी होते. एखादे झाड हाती लागते न लागते तोच लेखिका पुराणात निघून जातात आणि वाचकाला झाडाखाली थांबून राहावे लागते. झाडांवर त्यांचे जितके प्रेम तितके किड्यामुंग्यांवर नाही. आमच्या वाङ्मयात भ्रमर आणि फुलपाखरू या दोन शब्दांवरच सर्व कीटकसृष्टीचा निर्वाह चाललेला आहे. रुईच्या झुडपावर त्या दिवशी मी दोन गोष्टी पाहिल्या. एक, काळा मोठा भुंगा, जो लाकूड कोरून घर करतो. संस्कृत कवींच्या भ्रमराशी याचेच रूप जुळते. दुसरी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक सुरवंट रुईचे पान खात होता. रुईच्या चिकात विष असते. ते अंगी मुरवून हा सुरवंट तपकिरी-नारिंगी फुलपाखरू होतो, आणि ते विष अंगात असल्यामुळे पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. फुलपाखराला नाजुकपणाचे प्रतीक करणाऱ्यांस ही माहिती अडचणीची वाटेल. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य-फुलपाखरू ठरविले आणि त्याला 'राणी पाकोळी' हे नाव दिले, हे ठीकच झाले. परंतु अशी नावे सरकारने पाडण्याची पाळी यावी, हा वाङ्मयाचा आळस आहे.

नावे पाडण्याचे काम ज्याने एकट्याने केले असा लेखक म्हणजे मारुती चितमपल्ली. वनखात्यातील नोकरीत आयुष्य रानात काढलेल्या या लेखकाचे २०२५ साली निधन झाले. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले. शब्द संस्कृत वळणाचे आहेत, पण ते रान पाहून केलेले आहेत. त्यांच्या गद्याला दुर्गाबाईंच्या गद्याची लय नाही, आणि कोठे माहिती कोठे आख्यायिका याची सीमारेषा ते नेहमी राखीत नाहीत. तथापि आदिवासी वाटाड्याकडून मिळालेला शब्द त्याच्या नावाने छापण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यात आहे, आणि तो आमच्या व्यवसायात दुर्मीळ आहे.

आता कोणी म्हणेल की काव्य म्हणजे वनस्पतिशास्त्र नव्हे. आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तर बहिणाबाईंच्या सुगरणीत आहे. परतताना एका ताडाला गेल्या पावसाळ्यातले रिकामे खोपे लोंबत होते, म्हणून हे आठवले. बहिणाबाईंच्या गाण्यात खोपा विणते ती सुगरण, मादी. वस्तुस्थिती अशी की खोपा विणतो तो नर. सालिम अलींनी १९३० साली किहीमच्या समुद्रकाठी या पक्ष्याचा अभ्यास केला, तेव्हा त्याचा सर्व संसार तपशीलवार उलगडला. मग बहिणाबाईंचे गाणे आणि आमच्या कवींची कोकिळा यांत फरक कोणता? फरक असा की बहिणाबाईंनी खोपा पाहिलेला आहे. तो झाडाला कसा टांगलेला आहे, कशाने विणला आहे, आणि विणणाऱ्याकडे हत्यार म्हणून चोचीखेरीज काही नाही, हे त्यांच्या डोळ्यांना दिसले. चूक झाली ती पाहिल्यानंतरची आहे. कोकिळेची चूक न पाहताची आहे. पहिली चूक मला क्षम्य वाटते, कदाचित प्रियही वाटते.

घरी आल्यावर मी तो जुना वार्षिक अंक शोधला. निबंध वाचला. भाषा शुद्ध होती. मीच ती शुद्ध केली होती. ज्या मुलाला वीस झाडे नावाने हाक मारता येत होती, त्याने त्यांपैकी एकालाही आत येऊ दिले नव्हते, कारण इतक्या वर्षांच्या शिक्षणात आम्ही त्याला एवढेच पक्के शिकविले होते की जे त्याला ठाऊक आहे ते वाङ्मय नव्हे. आणि ज्याने ते शिकविले त्याला कुसुंबाची पाने फुले वाटली होती.

पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे निरोप पाठविला की त्याच विषयावर पुन्हा लिही, या वेळी मी दुरुस्त करणार नाही. त्याने आधी एका बिलाच्या पाठीमागे झाडांची यादी लिहून पाठविली. त्यातली दोन नावे माझ्याजवळच्या कोणत्याही कोशात मिळाली नाहीत. झाडे कोणती ते पाहावयास पुन्हा जावे लागेल. लेख अद्याप आलेला नाही. सध्या रात्रपाळी आहे, पाऊस पडण्यापूर्वी देतो, असे त्याचे म्हणणे आहे.